रील, यूट्यूब आणि मनाचे आरोग्य: शिकावे कसे, तपासावे कसे

रात्री घरातले दिवे मालवल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या 'मला सारखे रडू का येते' किंवा 'वाचलेले डोक्यात का राहत नाही' असे फोनला विचारणारी मुले-मुली आज शहरांत आहेत तशीच तालुक्याच्या गावांतही आहेत. हा प्रश्न आईला, वर्गशिक्षकांना किंवा नेहमीच्या डॉक्टरांना विचारणे ज्यांना अवघड वाटते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. समुपदेशनाच्या निमित्ताने मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी बोलत असते आणि गेल्या काही वर्षांत समोर बसणारे बरेच जण आपल्या त्रासाचे नाव इन्स्टाग्रामवरून घेऊनच आलेले असतात. त्याबद्दल त्यांना बोल लावावा असे मला कधी वाटले नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले होते की, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. अशा देशात तरुणांनी आधी हातातल्या फोनकडे वळावे हे स्वाभाविक आहे. मात्र तेथून काय उचलावे आणि काय तिथेच सोडून द्यावे, हे त्यांना कोणी शिकवत नाही.

माझे मत आधीच सांगते. समाजमाध्यमांतून शब्द, धीर आणि मदतीपर्यंतचा रस्ता या तीन गोष्टी अवश्य घ्याव्यात. निदान आणि औषध या दोन गोष्टी तेथून कधीही घेऊ नयेत. पुढचे सगळे या दोन वाक्यांचाच तपशील आहे.

सर्वांत आधी एक अपवाद

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील किंवा कानात कोणाचे तरी आवाज ऐकू येत असतील, तर त्या वेळी फोनवर काहीही शोधू नका, कोणाची गोष्ट ऐकत बसू नका आणि प्रतिक्रियांमध्ये लिहू नका. त्याच फोनवरून १४४१६ हा क्रमांक लावा. ही केंद्र सरकारची टेलीमानस सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. जिवाला धोका अगदी समोर असेल तर ११२ लावा, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. फोन करण्याआधी घरातल्या किंवा वसतिगृहातल्या एका तरी माणसाला शेजारी बसवून घ्या. त्याला सगळे सांगण्याची गरज नाही, 'मला एकटे सोडू नकोस' एवढे सांगितले तरी पुरेसे आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने लपवण्याचीही आता गरज नाही, कारण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या काळजीची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे.

मित्राने किंवा मैत्रिणीने रात्री उशिरा निरोपासारखी वाटणारी स्टोरी टाकली, तरी हाच नियम लावा. त्यावर हृदयाचे चिन्ह पाठवून झोपी जाऊ नका. थेट फोन करा, उचलला नाही तर तिच्या भावाला, खोलीतल्या सोबतिणीला किंवा शेजाऱ्यांना कळवा. 'जगणे नकोसे झाले आहे का' असे सरळ विचारल्याने कोणाच्या मनात तो विचार नव्याने रुजत नाही.

शोधण्याआधी कागदावर लिहा

'एडीएचडीची लक्षणे' (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) असे शोधले की एडीएचडीच सापडते. म्हणून आजाराच्या नावापासून सुरुवात न करता स्वतःला होणाऱ्या त्रासापासून करा आणि तो आधी कागदावर, आपल्या नेहमीच्या मराठीत लिहा. काय होते, कधीपासून होते, दिवसातून किती वेळ होते आणि त्यामुळे रोजचे कोणते काम अडते, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तरी चालते. 'दिवाळीनंतर कॉलेजला जावेसे वाटत नाही, पहाटे तीनला जाग येते, जेवण निम्म्यावर आले आहे, दोन प्रात्यक्षिके बुडाली' असे वाक्य कोणत्याही रीलपेक्षा अधिक माहिती देते, कारण त्यात काळ आहे, प्रमाण आहे आणि झालेले नुकसानही आहे.

येथे भाषेविषयी थोडे सविस्तर बोलावे लागेल. मानसिक आरोग्याविषयीचा चांगला मजकूर इंग्रजीत पुष्कळ आहे, हिंदीत बऱ्यापैकी आहे आणि मराठीत अजून कमी आहे. त्यामुळे आपली मुले त्रास मराठीत भोगतात आणि त्याचे वर्णन मात्र उसन्या शब्दांत करतात. 'मला अँक्झायटी आहे' असे म्हणणाऱ्या मुलीला मी विचारते की, ही अँक्झायटी तुझ्या अंगात कुठे बसते? मग ती सांगू लागते की जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, काही सुचत नाही, पोटात गोळा येतो. हे शब्द तिच्या आजीचे आहेत, आईचेही आहेत, आणि जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना तेच ऐकायचे असतात. आजारांचीही मराठी नावे माहीत असू द्यावीत. डिप्रेशनला नैराश्य, ओसीडीला मंत्रचळ, स्किझोफ्रेनियाला छिन्नमनस्कता आणि पॅनिक अटॅकला भीतीचा झटका म्हणतात. मंत्रचळ हा शब्द तर घराघरांत पूर्वीपासून होता; हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या, दाराची कडी दहादा तपासणाऱ्या आत्याबद्दल तो बोलला जाई, फक्त त्यावर उपचार असतात हे कोणाला ठाऊक नव्हते.

बोलणारा माणूस कोण आहे, हे पाहा

व्हिडिओचे लाखो प्रेक्षक, पाठीमागची पुस्तकांची मांडणी आणि आवाजातला मृदूपणा यांवरून कोणाचेही शिक्षण कळत नाही. त्यामुळे खात्याच्या परिचयात काय लिहिले आहे ते वाचा आणि पुढील फरक लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. मनाच्या आजारांवर औषध लिहून देणारा तज्ज्ञ तोच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाही, पण चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो, व त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशकांचे शिक्षण मानसशास्त्रातील किंवा समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीपासून ते चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमापर्यंत काहीही असू शकते. म्हणून त्यांना 'तुमचे शिक्षण काय, ते कुठे झाले आणि तुम्ही कोणाच्या देखरेखीखाली काम करता' असे विचारणे अजिबात उद्धटपणाचे नाही. 'लाइफ कोच', 'माइंड हीलर', 'अंतर्मन तज्ज्ञ' या नावांमागे कोणतीही ठरलेली पात्रता नाही.

तपासणी घरबसल्या होते. डॉक्टरचे नाव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील भारतीय वैद्यकीय नोंदवहीत शोधता येते आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नाव पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत. नावाआधी 'डॉ.' लिहिलेले असले म्हणजे ती व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञच असेल असे नाही. ती पीएचडी केलेली प्राध्यापिका असू शकते, दंतवैद्य असू शकते, किंवा दुसऱ्या उपचारपद्धतीची पदवीधर असू शकते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्यावर बोलणाऱ्या प्रमाणित तज्ज्ञांनी आपली पात्रता प्रेक्षकांना सांगायची आहे, आणि तज्ज्ञ म्हणून मिरवणाऱ्या इतरांनी हा मजकूर वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही असे स्पष्ट करायचे आहे. यांपैकी काहीच न सांगणारे खाते तुम्ही का पाहत आहात, हे स्वतःला विचारावे.

पात्रता असलेला माणूसही विकायला बसलेला असू शकतो. व्हिडिओच्या शेवटी कसली तरी गोळी, पूड, ९९ रुपयांची कार्यशाळा किंवा '२१ दिवसांत चिंता मुळापासून घालवा' असा अभ्यासक्रम येत असेल, तर आधीची दीड मिनिटे त्या विक्रीसाठीच रचलेली होती असे धरून चाला. 'बाहेरचे झाले आहे', 'करणी आहे' असे सांगून खाली फोन नंबर देणारे व्हिडिओ मराठीतही फिरतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवावे.

लक्षणांची यादी ऐकताना काय गाळले आहे ते शोधा

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण जाणती मुलेही नेमकी येथेच चुकतात. 'ही पाच चिन्हे दिसतात का? मग तुम्हाला अमुक आहे' अशा रीलमधली पाचही चिन्हे खरी असू शकतात आणि तरीही निष्कर्ष खोटा असू शकतो. वस्तू विसरणे, काम पुढे ढकलणे, बोलताना मध्येच विषय बदलणे, पाय हलवत राहणे हे एडीएचडीत दिसते, तसेच परीक्षेच्या आठवड्यात निम्म्या वर्गातही दिसते. कॅनडातील संशोधकांनी २०२२ साली एडीएचडीवरील सर्वाधिक पाहिलेले १०० टिकटॉक व्हिडिओ तपासले, तेव्हा त्यांतले ५२ दिशाभूल करणारे निघाले. भारतात टिकटॉकवर जून २०२० पासून बंदी आहे, पण तेथली मांडणी रील आणि शॉर्ट्समध्ये जशीच्या तशी आलेली आहे.

तज्ज्ञ त्याच लक्षणांकडे कसे पाहतो, ते समजून घेतले की गाळलेला भाग आपोआप दिसू लागतो. एडीएचडीचे निदान करताना तो विचारतो की, ही लक्षणे बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का, किमान सहा महिने टिकून आहेत का, घर आणि शाळा-महाविद्यालय अशा दोन तरी ठिकाणी दिसतात का, आणि त्यांमुळे खरोखर काही अडते आहे का. एवढे झाल्यावर तो दुसरी कारणे शोधतो: झोप किती आहे, रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, थायरॉइडचा त्रास आहे का, चिंतेमुळे लक्ष उडते आहे का, एखादे व्यसन आहे का. दहावीपर्यंत एकाग्रतेने अभ्यास करणाऱ्या आणि बारावीत अचानक लक्ष लागेनासे झालेल्या मुलाच्या बाबतीत एडीएचडीपेक्षा झोप, नैराश्य किंवा न समजणारा विषय यांची शक्यता आधी पाहावी लागते. त्याला चुकीचे नाव मिळाले, तर योग्य कारणावरचा उपचार तेवढाच लांबतो, आणि मला खरी काळजी त्या गेलेल्या महिन्यांची वाटते. दुसरीकडे, लहानपणापासून 'धांदरट' आणि 'आळशी' ही विशेषणे ऐकत आलेल्या एखाद्या मुलीला त्याच रीलमुळे पहिल्यांदा वाटते की आपल्यात खोट नाही, आणि ती तपासणीला जाते. म्हणून रील पाहून मनात शंका येण्यात काही वाईट नाही. ती शंका तपासायला घेऊन जावी.

इतर आजारांनाही हेच लागू आहे. नैराश्य म्हणण्यासाठी मन उदास असणे किंवा कशातच रस न उरणे हे किमान दोन आठवडे, जवळपास रोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकलेले असावे लागते, आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांतही बदल झालेले असतात. 'मी जरा ओसीडी आहे, मला टेबल नीटनेटके लागते' हे बोलणे मंत्रचळ झालेल्या माणसावर अन्याय करते. त्याला नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येतात, ते शांत करण्यासाठी त्याच त्या कृती कराव्या लागतात, आणि त्यात दिवसाचा तासाहून अधिक वेळ जातो. त्याला नीटनेटकेपणाचे सुख मुळीच मिळत नाही.

ऑनलाइन चाचण्यांपैकी पीएचक्यू-९ ही नैराश्याविषयीची नऊ प्रश्नांची चाचणी खरोखर डॉक्टरही वापरतात. ती मागील दोन आठवड्यांविषयी विचारते, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात आणि एकूण गुण २७ पर्यंत जातात. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर भेट घ्यावी, एवढाच तिचा अर्थ घ्यावा. ती चाळणी आहे, निदान नव्हे. मात्र जगण्याविषयीच्या नवव्या प्रश्नाला 'अजिबात नाही' याखेरीज कोणतेही उत्तर असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. 'तुमच्या आवडत्या रंगावरून तुमचा ट्रॉमा ओळखा' अशा खेळांना चाचणी म्हणू नये.

माणसांना आजारांची नावे देताना

'ट्रॉमा' (मनावरचा आघात), 'टॉक्सिक' (त्रासदायक), 'गॅसलाइटिंग' (समोरच्याला स्वतःच्याच समजुतीवर शंका यायला लावणे), 'नार्सिसिस्ट' (अतिशय आत्मकेंद्री माणूस) हे शब्द आता कट्ट्यावर सर्रास ऐकू येतात. त्यांतल्या काहींनी मुलींना मोठा आधार दिला आहे, हे मान्य करावे लागेल. प्रियकराने सतत फोन तपासणे आणि वर 'तुझ्याच डोक्यात घाण आहे' असे ऐकवणे याला नाव असते हे कळल्यामुळे अनेकींना त्यातून बाहेर पडण्याचे बळ मिळते. परंतु 'नार्सिसिस्ट' हा शब्द साध्या चाकरमानी घरात, दोन खोल्यांत राहणाऱ्या, मुलाच्या गुणांवर सगळ्या आशा लावून बसलेल्या आईला चिकटवला की बोलणेच संपते. व्यक्तिमत्त्वाच्या विकाराचे निदान तज्ज्ञालासुद्धा त्या व्यक्तीला न भेटता करता येत नाही. म्हणून माणसाला नाव न देता वागणे सांगा. 'आई नार्सिसिस्ट आहे' याऐवजी 'माझे गुण कमी आले की आई आठवडाभर माझ्याशी बोलत नाही आणि मला ते सहन होत नाही' असे लिहा. दुसऱ्या वाक्यावर समुपदेशकाला काम करता येते, आणि कधी कधी ते आईलाही वाचून दाखवता येते. घरात मारहाण किंवा लैंगिक छळ होत असेल तर तो शब्दांच्या चर्चेचा विषय राहत नाही; १०९८ किंवा ११२ वर कळवावे.

फीडला वळण लावणे

तुम्ही एखाद्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलात, तो पुन्हा पाहिलात का, कोणाला पाठवलात का, यावरून ॲप पुढचा व्हिडिओ निवडते. तुम्हाला तो कसा वाटला, हे त्याला कळत नाही. त्यामुळे ब्रेकअपनंतर दोन रात्री उदास गाणी आणि पावसात भिजणाऱ्या खिडक्या पाहिल्या, की तिसऱ्या रात्री फीडमध्ये दुसरे काही उरत नाही, आणि माणसाला वाटू लागते की सगळे जगच असे आहे. स्वतःला इजा करण्याविषयीचा किंवा उपाशी राहून वजन घटवण्याविषयीचा मजकूरही याच वाटेने येतो.

इन्स्टाग्रामवर अशा रीलवरच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'नॉट इंटरेस्टेड' निवडावे. सेटिंग्जमध्ये सुचवलेला मजकूर नव्याने सुरू करण्याची सोयही आहे. यूट्यूबवर 'डोन्ट रेकमेंड चॅनेल' निवडावे, आणि पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसून काही आठवडे तो थांबवून ठेवावा. हे एकदा करून भागत नाही, आठवड्याने पुन्हा करावे लागते. मी मुलांना आणखी एक साधा नियम सांगते: शिकण्यासाठी पाहायचे ते दिवसा, बसून, वही जवळ घेऊन पाहायचे, आणि रात्री दहानंतर या विषयावरचे काहीही पाहायचे नाही. कारण झोप कमी झालेल्या मेंदूला प्रत्येक लक्षण स्वतःचेच वाटते.

पाहण्याचा परिणाम शरीरावरही होऊ शकतो. कोविडच्या काळात काही देशांतील डॉक्टरांना अचानक अंगाला झटके देणारी, एकाच प्रकारचे शब्द ओरडणारी किशोरवयीन मुले-मुली दिसू लागली, आणि त्यांतील अनेकांनी टिक्सचे (आपोआप होणाऱ्या हालचालींचे आणि आवाजांचे) लोकप्रिय व्हिडिओ भरपूर पाहिले होते. ती ढोंग करत नव्हती, त्यांचा त्रास खरा होता. सतत लक्षणे पाहत राहिल्याने काही मनांवर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. एखाद्या विषयावरचे आठ-दहा चांगले व्हिडिओ पाहून झाले की त्या विषयाचे पाहणे थांबवावे, एवढ्यासाठी सांगते. त्यापुढे माहिती वाढत नाही.

अनुभव ऐकावेत, गोळ्यांची नावे घेऊ नयेत

दीपिका पदुकोण २०१५ साली आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे बोलली, तेव्हा असे बोलणे दुर्मीळ होते. आता मराठीतही तरुण-तरुणी आपल्या आजारपणाविषयी मोकळेपणाने सांगतात, आणि 'हे फक्त माझ्याच बाबतीत होत नाही' हा दिलासा पुस्तकातून मिळत नाही. अनुभव ऐकताना त्या माणसाने मदत कशी मागितली, घरी कसे सांगितले, किती काळ लागला, मध्ये पुन्हा कुठे अडखळला, हे टिपून घ्या. फक्त त्याची गोळी, तिची मात्रा आणि ती कशी बंद केली, हे टिपू नका. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांचा गुण दिसायला साधारणपणे काही आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ किंवा अस्वस्थपणा येऊ शकतो, आणि ती एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड असा त्रास होतो. 'या गोळ्यांनी माझा मेंदू बधिर झाला, मी फेकून दिल्या' असा व्हिडिओ पाहून चालू उपचार थांबवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. दुष्परिणाम होत असतील तर ज्या डॉक्टरांनी औषध लिहिले त्यांनाच सांगावे; ते मात्रा कमी करतात, औषध बदलतात, आणि बंद करायचे असेल तर टप्प्याटप्प्याने करतात.

स्वतःचा अनुभव लिहावासा वाटला तर आधी तो एका विश्वासाच्या माणसाला वाचायला द्या आणि चार दिवस थांबा. टोपणनावाच्या खात्यावरूनही गाव, महाविद्यालय आणि बोलण्याची लकब यांवरून माणूस ओळखता येतो, आणि पडद्याचे छायाचित्र काढायला क्षणही पुरतो. प्रतिक्रियांत मन मोकळे केले की 'मी तुला बरे करतो' म्हणत खासगी संदेश पाठवणारे अनोळखी लोक येतात. आधी पैसे मागणारा, घरच्यांपासून लपवायला सांगणारा किंवा फोटो मागणारा माणूस समुपदेशक नसतो. त्याला लगेच ब्लॉक करा.

मराठीत पाहण्यासारखे

ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केली आणि 'आवाहन' या तिच्या यूट्यूब वाहिनीवर मानसिक आरोग्यावर मराठीतून सविस्तर बोललेले मोठे व्हिडिओ आहेत. अर्ध्या-पाऊण तासाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकण्याची सवय लावा, कारण 'पण', 'क्वचित', 'काहींच्या बाबतीत' हे शब्द रीलच्या वेगात पहिल्यांदा कापले जातात. त्याखेरीज निम्हान्स आणि जागतिक आरोग्य संघटनेची खाती जोडून घ्यावीत. मराठीतील पुष्कळसा प्रेरणादायी मजकूर, म्हणजे 'मन खंबीर करा', 'नकारात्मक लोकांपासून दूर राहा' असे सांगणारा, मानसिक आरोग्याची माहिती नसतो. निरोगी माणसाला त्याने चार तास बरे वाटत असेल. नैराश्यातल्या माणसाला मात्र आपण खंबीर नाही याची टोचणी लागते.

घरी सांगणे आणि दवाखान्यात जाणे

घरी सांगताना इंग्रजी रील दाखवू नका. मराठीतला एकच व्हिडिओ निवडा, शक्यतो पांढरे केस असलेल्या डॉक्टरांचा, आणि तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर न टाकता आई किंवा बाबा यांपैकी जे आधी ऐकून घेतील त्यांच्या शेजारी बसून पाहा. मग 'आई, यातले मधले जे सांगितले ना, तसे मला दोन महिन्यांपासून होते आहे' असे म्हणा. 'मला डिप्रेशन आहे' हे वाक्य ऐकून आईबाबा घाबरतात किंवा 'तुला काय कमी केले आम्ही' असे म्हणतात. झोप, भूक आणि अभ्यास यांविषयी सांगितले की तेच आईबाबा डॉक्टरांची वेळ घेतात. त्या घरात ऐकणारे कोणीच नसेल तर मामी, मावशी, मोठा चुलतभाऊ असे एखादे माणूस बहुधा असते.

महाविद्यालयात समुपदेशक आहे का, हे विचारून घ्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात जावे. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. तेथल्या बाह्यरुग्ण विभागात तपासून घेतले म्हणजे दाखल व्हावे लागते असे मुळीच नाही. तुमची माहिती गुप्त राखणे हे २०१७ च्या कायद्याने उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असल्यासारखे थोडेच अपवाद त्याला आहेत. वय अठराच्या आत असेल तर उपचारांच्या निर्णयात पालकांचा सहभाग लागतो, हे धरून चालावे.

पहिल्या भेटीला तो सुरुवातीचा कागद बरोबर न्या. त्यावर आणखी चार ओळी लिहा: घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, आत्ता कोणत्या गोळ्या, काढे किंवा पुड्या चालू आहेत, तंबाखू, दारू किंवा दुसरे काही घेता का, आणि दिवसाला फोन किती तास हातात असतो. शेवटच्या आकड्यासाठी अंदाज नको, फोनच्या सेटिंग्जमध्ये तो नेमका दिसतो. आधी कागद वाचून दाखवा. सगळे सांगून झाल्यावर 'मी एक व्हिडिओ पाहिला होता आणि मला अमुक असावे असे वाटले' हेही संकोच न करता सांगा, म्हणजे डॉक्टर तुमची शंका खोडून तरी काढतील किंवा तपासून तरी पाहतील. निघताना निदान काय वाटते, ते पक्के आहे की अजून पाहायचे आहे, आणि पुन्हा कधी यायचे, हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या.